मधलीचं माप

चर्रर्र.

सुट्टीची दुपार होती आणि घरात इतकी शांतता होती, की नळाचं ठिबकणंसुद्धा दबकत चाललंय असं वाटावं. लेक नुकती कुठे झोपली होती. मी न्हाणीघरात उभी राहून पोटाचा पट्टा काढत होते, एकेक बोट सरकवत, श्वाससुद्धा हळू घेत. पण वेल्क्रोची जातच चोंबडी. टोकाशी आल्यावर त्याने करायचं तेच केलं.

"आई," पलंगावरून झोपाळू आवाज आला, "काय फाटलं?"

"काही नाही गं. झोप तू."

"कोणाचं फाटलं?"

मी पट्ट्याची गुंडाळी करून बादलीमागे सरकवली आणि जाऊन तिला थोपटत बसले. पट्टा काढला की पोटाला आधी गार वाटायचं, मग खाज सुटायची, आणि मग ते आपल्या जागेवर येऊन मोकळं बसायचं. दिवसभर पाहुण्यांसमोर अवघडून बसलेली बाई घरी आल्यावर पाय पसरते ना, अगदी तसं. मला त्याचा राग यायचा. एवढं आवळूनसुद्धा याला अक्कल येत नाही, असं वाटायचं.

असले पट्टे बाळंतिणीसाठी असतात. मला कोणी बाळंतीण म्हटलं तर लोक हसतील, कारण आमचं बटण आता चौथ्या वर्षात आहे. बटण हे तिचं नाव नव्हे, पण जन्मली तेव्हा इतकी गोल आणि इतकी एवढीशी होती, की आमच्या कारखान्यातल्या काजाताईंनी तिला पाहताक्षणी ते नाव ठेवलं आणि मग खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं.

तर पट्टा कशाला, ते सांगायचं तर कारखान्यापासून सुरुवात करायला हवी.

आमच्याकडे गणवेश शिवतात. हॉटेलातले वाढपी, पेट्रोल पंपावरची माणसं, शाळेचे शिपाई, दवाखान्यातल्या नर्स; ज्या कपड्यांवरून माणसाचं काम ओळखू येतं ते सगळे कपडे. कापडाची मोठी थप्पी कापायच्या आधी एक नग शिवायचा, तो कोणाच्या तरी अंगावर चढवून बघायचा, आणि तो नीट बसला की मगच थप्पीला कात्री लावायची, अशी पद्धत. बाकीचे कारखाने हे काम पुतळ्यावर उरकतात. आमच्या मास्तरांचा, म्हणजे कापड कापणाऱ्यांचा, पुतळ्यावर काडीचा विश्वास नाही. "त्याला खाज सुटते का? शिंक येते का? मग तो मला बाहीबद्दल काय सांगणार?" असं म्हणून त्यांनी पुतळ्याला कोपऱ्यात उभा केलाय. त्याच्या खांद्यावर ते स्वतःची पिशवी अडकवतात.

म्हणून माप जिवंत बाईच्या अंगावर. आणि ती बाई लग्नाच्या आधीपासून मी. माझं माप म्हणजे मधलं माप. माझ्यावरून लहान मापं खाली उतरवायची, मोठी मापं वर चढवायची. त्यामुळे कारखान्यात माझं नावच मधली पडलं. शिवणकामात मी काही कोणी मोठी लागून गेले नव्हते. टीप सरळ येते, एवढंच. पण नमुना तयार झाला की सगळी मशीन चालू असताना मास्तर हाक मारायचे, "मधली, ये गं," आणि मी उठून टेबलाजवळच्या मोकळ्या जागेत उभी राहायचे, तेव्हा मान आपोआप ताठ व्हायची. मास्तर टेप लावून आकडे मोठ्याने म्हणायचे आणि त्या आकड्यांवरून न पाहिलेल्या कितीतरी बायकांचे कपडे ठरायचे. लोकांना पदव्या असतात. मला माप होतं.

मग बटणचा जन्म झाला. तिच्या मागे घरी राहिले, तेवढ्या काळात माझ्या जागेवर एका नव्या मुलीला उभं करायला लागले. तिला सगळे नवीच म्हणतात. शाळेतून थेट मशीनवर आलेली, छडीसारखी सरळ पोर, स्वभावाने गोड. तिच्याबद्दल वाईट बोलायला काही सापडत नव्हतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

बटण बालवाडीत जायला लागल्यावर मी परत कामावर आले. थोड्याच दिवसांत मास्तर म्हणाले, "दवाखान्याचं मोठं काम येतंय. नर्सचे कपडे. नवीच्या अंगावर मला नको वाटतं ते. ती उभी राहते ती प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी. महिन्याभरात नमुना होईल. तू बघ."

तू बघ, एवढंच म्हणाले. मी त्याचा अर्थ काढला तो असा, की महिन्याभरात पूर्वीसारखी हो. नमुना अंगावर बसला तर मी मधली. नाही तर नवी आहेच.

मधल्या मापाचा जाड कागद मास्तरांच्या मागे भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो. तो माझ्याच अंगावरून बेतलेला, लग्नाआधी. एका संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मी तो खाली काढला आणि अंगाला लावून आरशात पाहिलं. खांद्याला ठीक होता. पण खाली कंबरेशी कागदाच्या दोन्ही बाजूंनी मी बाहेर.

त्या दिवसापासून रात्रीचं जेवण बंद. सकाळी बिनदुधाचा चहा. दुपारचा डबा काजाताईंच्या पुढ्यात. या काजाताई म्हणजे आमच्याकडे काज आणि बटणं करणाऱ्या, वयाने माझ्या आईएवढ्या आणि तोंडाने माझ्या मुलीएवढ्या. त्या आधी "असं का गं" म्हणाल्या, आणि मग डबा चांगला लागल्यावर म्हणेनाशा झाल्या. एक वजनकाटा आणला. हा पट्टा आणला. पट्टा घालून बसलं की मशीनवर वाकता येत नाही, म्हणून मी ताठ बसून शिवायला लागले आणि माझी सरळ टीप वाकडी यायला लागली.

नवरा लिफ्टची दुरुस्ती करतो, आणि आम्ही राहतो त्या इमारतीला लिफ्ट नाही. हा विनोद त्याने इतक्या वेळा केलाय, की आता तो कोणी हसण्याची वाट बघत नाही. त्याने काही दिवस माझ्या ताटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "घरात पाहुणी राहायला आलीय असं वाटतंय. लाजून जेवते."

"भूक नसते रे."

"भूक नसते, मग बटणच्या ताटातलं का उचलतेस?"

"ती टाकते म्हणून."

"ती टाकत नाही. तिच्या ताटाकडे तू बघत बसतेस, म्हणून ती देते."

मी उठून भांडी घासायला घेतली. भांड्यांच्या आवाजात बोलावं लागत नाही, ही त्यांची मोठी सोय आहे.

बटणला आणि भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर मला थांबावं लागे. कठड्याला टेकून मी डोळे मिटायचे आणि ती माझ्या कानात सांगायची, "आई, तू बससारखा आवाज करतेस."

मग एकदा बालवाडीच्या बाईंनी मला दारातच थांबवलं. "तुमच्या मुलीचं एक विचारायचं होतं. गाण्याच्या वेळी सगळी मुलं गातात. ही पोट आत घेऊन, गाल फुगवून नुसती उभी राहते. लाल होईपर्यंत. मी म्हटलं, अगं श्वास घे, तर म्हणते, आमच्याकडे असंच उभं राहतात."

बाई हसत होत्या, म्हणून मीही हसले. "खेळते झालं काहीतरी," म्हटलं. रस्ताभर बटण माझं बोट धरून उड्या मारत होती आणि माझा हात पुन्हा पुन्हा पट्ट्याकडे जात होता. पण नमुना आठवड्यावर आला होता. एवढा एक होऊन जाऊ दे, मग बघू, असं मी स्वतःला सांगितलं.

नमुन्याच्या दिवशी दवाखान्यातून मोठ्या सिस्टर आल्या. हुद्द्यानेही मोठ्या आणि दिसायलाही. रुंद खांदे, भक्कम दंड, कंबर कुठे सुरू होते ते सांगता येऊ नये अशी, आणि केस मात्र अतिशय निगुतीने बांधलेले. आमचा कारखाना सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. माल न्यायला येणारी माणसं दारात येऊन पहिल्यांदा शिव्या घालतात, मग बोलतात. या बाई सायकलची किल्ली बोटावर फिरवत, काहीतरी गुणगुणत आत आल्या.

"पाणी घ्या सिस्टर," मास्तर म्हणाले, "जिने फार आहेत."

"हे होय जिने? आमच्याकडे लिफ्ट पेशंटना. आम्ही म्हणजे सामान, ते पायी चढतं."

मी पडद्यामागे गेले. पट्टा सोडून पुन्हा आवळला, नेहमीच्या खुणेच्या बराच पुढे. वरून फिकट हिरवा सदरा चढवला. पडद्याबाहेरून काजाताई म्हणाल्या, "अगं किती वेळ? कपडे घालतेयस का जन्माला येतेयस?"

बाहेर आले. मास्तर ओठांत टाचण्या धरून माझ्याभोवती फिरले. एक फेरी, मग उलटी फेरी. बाही ओढून पाहिली, खांद्याला खडूची रेघ मारली. आणि टाचण्यांच्या फटीतून म्हणाले, "वा. मधली ती मधलीच. सूतभर फरक नाही."

सगळ्या जणी बघत होत्या. नवीसुद्धा मान तिरकी करून कौतुकाने बघत होती. या क्षणासाठी तर सगळा खटाटोप होता. मला आनंद झाला असता, पण त्यासाठी छाती भरून श्वास घ्यावा लागतो आणि तेवढी जागा आत नव्हती.

सिस्टर लांब उभ्या राहून बघत होत्या. "दिसतोय सुरेख," त्या म्हणाल्या. "फोटो काढायचा असेल तर पास. आता यात माझं काम करून दाखवा." आणि त्यांनी शेजारचा कापडाचा अख्खा तागा उचलून कापायच्या टेबलावर आडवा ठेवला. "हा पेशंट. त्याला उठून बसायचंय. बसवा."

"एवढा गप्प पेशंट?" काजाताईंनी विचारलं.

"नुकतंच ऑपरेशन झालंय त्याचं."

सगळ्या हसल्या. मी ताग्याखाली हात घातले आणि वाकले. म्हणजे वाकायला गेले. पट्ट्याची कड बरगडीत रुतली. ताग्याचा पांढरा रंग आधी पिवळा झाला, मग काळा. मशीनचे आवाज कुठेतरी लांब, दुसऱ्या कोणाच्या तरी कारखान्यात गेले. आणि माझ्या पोटातून, सगळ्यांना ऐकू जाईल असा तो आवाज आला, चर्रर्र.

मी खाली बसले होते आणि तागा माझ्या मांडीवर होता.

मास्तर धावले ते आधी सदऱ्याकडे. "शिवण उसवली का? बगलेत उसवली?" त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, ज्याचं लक्ष जिथे असतं तिथेच त्याला आग दिसते. सिस्टरांनी मात्र माझं मनगट धरलं होतं.

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"चहा."

"आणि?"

"चहाच."

"काल रात्री?"

मी काजाताईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस," त्या म्हणाल्या, पण आवाज उतरला होता. "तुझा डबा मी खाल्लाय, तुझ्या पोटात कसा जाईल तो?" बोलता बोलता त्यांनी सदऱ्याखाली लोंबणारं टोक धरलं आणि ओढलं. पट्टा येत राहिला, येत राहिला. जादूगार टोपीतून रुमाल काढतो तसा.

मास्तरांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या गादीला टोचल्या. सगळ्या टोचून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे मी इतका वेळ या पट्ट्याचं माप घेत होतो?"

त्यांनी पट्टा उचलून लांब धरला.

"यावरून अख्खी थप्पी कापली असती मी. मग सगळ्या नर्सना पट्टे कोण पुरवणार होतं? तू?"

नवीला हसू आलं. ते दाबायला गेली तर नाकातून आलं, आणि मग सगळ्याच हसल्या. मला रडू येत होतं आणि त्यांच्या हसण्याचं वाईटही वाटत नव्हतं. जमिनीकडे बघत मी म्हणाले, "मास्तर, नवीच्या अंगावर घ्या. मी आता मधली राहिले नाही."

"मधली म्हणजे काय?" सिस्टरांनी विचारलं.

काजाताईंनी त्यांना सगळं सांगितलं. कागद, खिळा, वरची मापं, खालची मापं. सिस्टर ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

"आणि हे मधलं कधीचं?"

"हिच्या लग्नाआधीचं," मास्तर म्हणाले. "एकदम बरोबर माप. माझा नमुना आजवर परत आलेला नाही, सिस्टर."

"परत कशाला येईल? आमचे आधीचे कपडेही इथलेच. आमच्यातल्या निम्म्या जणी खालचं बटण उघडं टाकतात आणि आत सेफ्टी पिन लावतात. मी स्वतः लावते. आणि प्रत्येक जण म्हणते, पोट कमी करायला हवं बाई. मला आज कळलं, आम्ही सगळ्या एका कुमारिकेचे कपडे घालून फिरतोय." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "माझ्या वॉर्डातल्या सगळ्या जणी ओळीने उभ्या केल्यात ना, तर मधोमध ही उभी राहील. ही आत्ताची. पट्ट्याशिवायची."

मास्तरांचे कान लाल झाले. मोठा अभिमानी माणूस. त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग घड्याळाकडे. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे, नवी, ये गं.

"जेवून ये," ते म्हणाले.

"काय?"

"पट्टा कचऱ्यात टाक, पोटभर जेव आणि मग ये. उपाशी माणसाचं माप मी घेत नाही."

काजाताईंनी दोन्ही डबे उघडले. माझा माझ्यासमोर ठेवला आणि स्वतःचा डबा संशयाने हुंगत म्हणाल्या, "सवय मोडलीय माझी. माझ्या हातचं आता जाईल का मला?" मी भात, भाजी, उकडलेलं अंडं, सगळं खाल्लं. सावकाश. पहिल्या घासाला डोळे भरून आले, तेव्हा काजाताई म्हणाल्या, "मीठ जास्त पडलं का गं?" आणि दुसरीकडे बघायला लागल्या.

मग माप. "श्वास घे," मास्तर म्हणाले. "सोड. अजून सोड. पोरी, मी काही पोलीस नाही, सोड की. बस. वाक. हात वर." टेप माझ्या पोटाभोवती होता आणि पोट जसं आहे तसं होतं. मास्तरांनी आकडा नेहमीसारखा मोठ्याने म्हटला. मी डोळे मिटून घेतले. उघडून पाहिलं तर कोणी मान वर केली नव्हती. कोणी सुईत दोरा ओवत होतं, कोणी तेलाचा थेंब सोडत होतं. त्या आकड्याला मी महिनाभर एवढी घाबरले होते आणि तो मशीनच्या आवाजात कधी विरून गेला, कळलंही नाही.

इथेच गोष्ट संपती तर बरं झालं असतं, पण माझी खोड जात नाही. सिस्टर निघताना मी त्यांना दाखवायला म्हणून पुन्हा ताग्याखाली हात घातले. आता पोट भरलेलं, पट्टा नाही. तागा वीतभर उचलला आणि पाठीतून कळ गेली. हातातून सोडून दिला.

"पट्टा सुटला म्हणजे पाठ सुधारली, असं नाही ना ते," सिस्टर म्हणाल्या. "पोट आहे तसं राहू दे. पण ते काम करत नाहीये तुझं. बाळंतपणापासून झोपलंय. ते बसून राहतं आणि पाठ एकटी राबते."

"म्हणजे कमी करायचं?"

"कमी म्हटलं का मी? कामाला लाव म्हटलं."

"आणि वजन?"

"ते काट्याला विचार. मला जिन्याचं सांग. मुलीला घेऊन वर जाताना थांबतेस?"

"थांबते. दुसऱ्या मजल्यावर."

"बरं. पुढच्या खेपेला आले की तेवढंच विचारीन."

आणि त्यांनी मला तिथेच कापायच्या टेबलावर आडवं पाडलं, गुडघे दुमडून. माझा हात माझ्याच पोटावर ठेवला. श्वास घेताना पोट वर येऊ द्यायचं, सोडताना खालून हळूहळू आवरत न्यायचं, पसारा आवरतात तसं. आवळायचं नाही, आवरायचं. "रोज कर. मग चालायला लाग. बाकीचं मी नंतर सांगेन. आणि झोप काढ, तोंडावर दिसतंय." मास्तर बिचारे पाठ करून उभे होते. माझ्या डोक्याशी कापडाची कात्री होती आणि पायाशी तागे. मी म्हटलं, इतक्या वर्षांत या टेबलावर कापड सोडून काही ठेवलं गेलं असेल तर ती मीच.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला, पट्ट्याचं ऐकून तर फारच. मग म्हणाला, "मला सांगायचंस ना."

"काय सांगणार होते? की मी कागदात मावत नाही?"

तो स्वयंपाकघरात गेला आणि तिथून विचारलं, "भात किती लावू?"

"नेहमीएवढा."

"आत्ताचा नेहमी का आधीचा नेहमी?"

"आधीचा."

डब्यात वाटी बुडाल्याचा आवाज आला. मग थोडं थांबून पुन्हा एकदा आला.

त्यानंतरचे दिवस काही फार सांगण्यासारखे नाहीत, आणि मला ते म्हणूनच आवडतात. सकाळी चटई पसरून मी आडवी होते आणि बटण माझ्या शेजारी आडवी होते. सुरुवातीला तिने सवयीने गाल फुगवून श्वास कोंडला. मी म्हटलं, "असं नाही गं. माझं चुकत होतं ते. पोटाचा फुगा करायचा आणि मग हळूच हवा सोडायची." हवा सोडताना ती तोंडाने असे आवाज काढते, की नवरा बाहेरून विचारतो, आत नेमका कसला व्यायाम चाललाय. बालवाडीच्या बाई परवा म्हणाल्या, गाते आता; सूर सोडून सगळं येतं तिला.

बालवाडीपासून कारखान्यापर्यंत मी चालत जाते. बटणबरोबर चालणं हा व्यायाम नव्हे, ती प्रत्येक मुंगीची चौकशी करते. तिला सोडल्यावर मात्र मी झपझप निघते. रात्री लवकर जेवतो. ताटात भाज्या वाढल्या. चारच्या चहाबरोबरची बिस्किटं कमी केली, पूर्ण सोडली नाहीत, कारण काजाताईंना एकटीने खायला वाईट वाटतं असं त्या म्हणतात. वजनकाटा पलंगाखाली आहे. बटण त्यावर कापडी अस्वलाला उभं करते आणि "खाल्लं नाहीस" म्हणून त्याला रागावते. मी एकदा चढून पाहिलं. काटा जवळपास तिथेच आहे.

सगळं गोडच आहे असं नाही. एका लग्नासाठी जुना निळा ड्रेस काढला तर चेन अर्ध्यात अडली आणि मी तशीच पलंगावर बसून राहिले. पट्टा टाकायला नको होता, असंही वाटून गेलं. मग तो ड्रेस कारखान्यात नेला. शिवणीत माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडलेली होती, काजाताईंनी ती उसवून दिली. आधीच्या शिवणीची गडद रेघ दोन्ही बाजूंना राहिलीय. लग्नात कोणी पाहिली असेल, नसेल. मी जेवले आणि नाचलेसुद्धा.

भिंतीवरच्या खिळ्याला नवा कागद आहे. मास्तरांनी त्यावर काही लिहिलं नाही, माझ्याकडे बघून काही म्हणालेही नाहीत. फक्त परवा वाढप्यांच्या कपड्यांचा नमुना झाला, तेव्हा आधी विचारलं, "जेवलीस का?" आणि मग हाक मारली, "मधली, ये गं." मी गेले. मान ताठ झाली की नाही, ते लक्षात नाही. मी वाकून, हात वर करून, उकिडवी बसून दाखवण्यात गुंतले होते. नवी म्हणाली, "ताई, तुम्ही किती हलता." मास्तर म्हणाले, "बघ, शिक."

सिस्टर माल बघायला आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर आमचाच हिरवा सदरा होता. सगळी बटणं लावलेली. त्यांनी दारातूनच विचारलं, "कुठला मजला?"

"आमचा," मी म्हटलं. "थेट दारात. बटण कडेवर आणि पिशवी हातात."

"धाप?"

"लागते की. पण बोलता येतं."

"मग अजून चाल," त्या म्हणाल्या आणि माल मोजायला लागल्या. शाबासकी वगैरे देण्याचा त्यांचा स्वभाव नाही.

आज पुन्हा सुट्टी. नवरा कुठेतरी अडकलेली लिफ्ट सोडवायला गेलाय. सकाळचं कोवळं ऊन चटईवर आलं होतं. माझे श्वास चालले होते आणि बटण माझ्या पोटावर डोकं ठेवून वर-खाली होत होती. "होडी," ती म्हणत होती, "आता मोठी लाट." मग तिने माझा कुडता सरकवला आणि पोटावरच्या त्या चंदेरी रेघांवरून बोट फिरवलं.

"या कोणी काढल्या?"

"तू."

"मी? कशाने?"

"तू आत होतीस ना, तेव्हा तुला जागा पुरेना. मग पोट मोठं मोठं होत गेलं, तेव्हाच्या आहेत."

"मी सगळं पोट घेतलं होतं?"

"सगळं."

"मग मी बाहेर आले."

"मग बाहेर आलीस."

तिने पोटाला कान लावला. दारापलीकडून काहीतरी ऐकू येतंय का ते बघावं, तशी डोळे बारीक करून. मी श्वास तसाच चालू ठेवला. बराच वेळ ती हलली नाही. मला वाटलं, झोपली.

"आई," ती हळूच म्हणाली, "मी निघून आल्यावर त्याला करमतं का गं?"